हॉर्टन प्लेन्स: ढग वर येण्याआधी कड्यावर, मग सावकाश परत

श्रीलंकेतल्या हॉर्टन प्लेन्सला पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही सकाळी साडेदहाला वर्ल्ड्स एंडच्या कड्यावर उभे होतो. समोर सुमारे ८७० मीटर खोल दरी आहे, हे पाटीवरून कळलं. दिसत होता तो नुसता पांढरा पडदा. शेजारच्या एक आजी चष्मा काढून पदराने पुसायच्या, परत घालायच्या, परत काढायच्या. दोष चष्म्याचा नव्हता. आम्ही सगळेच ‘नाश्ता करून निघू’ म्हणणाऱ्यांपैकी होतो.

दुसऱ्या खेपेला पहाटे निघालो आणि सगळं पाहिलं. तेव्हा कळलं की या जागेची सगळी मेख घड्याळात आहे. कड्यापर्यंत घाई करायची आणि तिथून मागे फिरलं की घाई पूर्ण सोडायची. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. जाताना फोटो काढत रेंगाळतात, कड्यावर धुकं पाहून हिरमुसतात आणि परतीच्या वाटेवर गाडीच्या ओढीने धावत सुटतात. इथले खरे दुर्मिळ जीव त्याच वाटेवर झाडाच्या खोडाला चिकटून बसलेले असतात, आणि धावणाऱ्याला ते दिसत नाहीत.

जागा कशी आहे

हे बेटाच्या मधल्या डोंगराळ भागातलं पठार आहे, समुद्रसपाटीपासून २१०० ते २३०० मीटर उंचीवर. क्षेत्रफळ जेमतेम ३१.६ चौरस किलोमीटर. जुनं नाव ‘महा एलिया तेन्न’, म्हणजे मोठं मोकळं मैदान. पुढे सर रॉबर्ट विल्मट-हॉर्टन या ब्रिटिश गव्हर्नरचं नाव त्याला चिकटलं. तो १८३१ ते १८३७ इथे होता. १९६९ मध्ये अभयारण्य, १९८८ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये मध्य श्रीलंकेच्या उंच डोंगराळ प्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारसा, असा त्याचा प्रवास.

गवताळ माळ आणि मधेमधे ढगात भिजलेलं ठेंगणं जंगल, असं इथलं दृश्य. महावेली, केलनी आणि वलवे या तीन मोठ्या नद्यांना इथून पाणी जातं. पाच हजार फुटांवरचं जंगल तोडू नका, असा सल्ला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८७३ मध्येच दिला होता. खालची टेकडी न् टेकडी चहाखाली गेली, हे पठार मात्र बचावलं.

कधी जावं

जानेवारी ते मार्च. तेव्हा पाऊस कमी आणि सकाळी आकाश स्वच्छ मिळण्याची शक्यता सर्वात जास्त. मात्र याच दिवसांत पहाटे गवतावर हिमकण असतात आणि पारा पाच अंशांपर्यंत उतरतो. श्रीलंका म्हणजे नारळ आणि उकाडा असं डोक्यात ठेवून टी-शर्टवर आलेली मंडळी गेटवर कुडकुडताना दिसतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा पठार झोडपून काढतो, ऑक्टोबरपासून पुन्हा पाऊस.

यात एक अडचण आहे. कडा स्वच्छ दिसतो त्या दिवसांत वाटेवरचा बेकर्स फॉल्स हा धबधबा बारीक असतो, आणि धबधबा भरून कोसळतो तेव्हा कडा धुक्यात बुडालेला. दोन्ही हवं असेल तर जानेवारीचा पहिला पंधरवडा धरा. आधीच्या पावसाचं पाणी अजून वाहत असतं. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या सुमारास अख्खी श्रीलंका नुवारा एलिया या जवळच्या थंड हवेच्या गावाला लोटते, तेव्हा तिकडे फिरकू नका. पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’च्या दिवशी, देशभर सुट्टी असते, ती आणि शनिवार-रविवारही टाळलेले बरे.

मुक्काम आणि तिथपर्यंतचा प्रवास

बहुतेक जण नुवारा एलियात राहतात. हॉटेलं, एटीएम, भाजीबाजार सगळं तिथे आहे. तिथून उद्यान साधारण ३० किलोमीटर, वाट अंबेवेलाची कुरणं आणि पवनचक्क्यांवरून पट्टिपोला गावातून जाते. दुसरं प्रवेशद्वार ओहियाच्या बाजूला. हपुतले किंवा बंडारवेलाकडून येणाऱ्यांना ते सोयीचं. पट्टिपोला आणि ओहियात साधी घरगुती निवासं आहेत. गरम पाण्याची हमी नाही, पण पहाटेची तासभर झोप जास्त मिळते. माझं मत त्यांच्याच बाजूने. उद्यानाच्या आतही वन्यजीव खात्याचे बंगले आहेत, त्यांचं आरक्षण बरंच आधी करावं लागतं.

कोलंबो किंवा कँडीहून रेल्वेने येणार असाल तर नुवारा एलियासाठी नानू ओया स्टेशनला उतरायचं. डोंगरातल्या या मार्गावर पावसात दरडी कोसळतात आणि गाड्या बंद राहतात, तेव्हा तिकिटाआधी मार्ग सुरू आहे का याची चौकशी करा. पुढे गेलात तर पट्टिपोला लागतं, १८९१ मीटरवरचं, देशातलं सर्वात उंच रेल्वे स्टेशन.

गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवा. व्हॅन किंवा टुकटुक, दोन्ही मिळतात. टुकटुकमध्ये पहाटेचा वारा हाडात शिरतो, म्हणून चौघे असाल तर व्हॅनच घ्या. भाडं ठरवताना ‘जाऊन-येऊन आणि पाच तास थांबणं’ असं स्पष्ट बोला, नाहीतर परतीला थांबण्याचे वेगळे पैसे मागितले जातात.

घड्याळ उलटं मोजा

धुकं साधारण नऊ-दहाच्या दरम्यान दरीतून वर चढतं. खालची हवा उन्हाने तापते, कड्याला धडकून वर येते, थंड होते आणि तिचाच ढग बनतो. रोज घडतं, जवळजवळ ठरल्या वेळी. म्हणून हिशेब असा: साडेआठला कड्यावर. पायवाटेने तिथपर्यंत ४ किलोमीटर, म्हणजे सव्वा ते दीड तास. चालायला सुरुवात सातला. त्याआधी तिकीट, आतली गाडीवाट आणि पिशव्यांची तपासणी, म्हणून सहाला गेटवर. नुवारा एलियाहून तास-सव्वा तास लागतो, तेव्हा पावणेपाचला गाडीत. उठायचं चारला. हे गणित सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “काकड आरतीला उठते तशी उठेन.” आणि खरंच सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसल्या.

तिकीट काढताना पासपोर्ट जवळ ठेवा. परदेशी पर्यटकांचा दर जास्त आहे. सार्क देशांच्या नागरिकांसाठी वेगळा, कमी दर असतो, पण खिडकीवर तो आपणहून विचारावा लागतो. गाडीचे आणि सेवेचे आकार वेगळे लागतात, तेव्हा पाटीवरच्या आकड्यापेक्षा थोडे जास्त श्रीलंकन रुपये रोख ठेवा.

प्लास्टिकची झडती

हा भाग नीट वाचा, कारण इथेच रांग अडते. पायवाट सुरू होते तिथे, ‘फार इन’ नावाच्या जुन्या ब्रिटिश बंगल्याजवळ, वनकर्मचारी प्रत्येक पिशवी उघडून पाहतात. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन काढून बिस्किटं कागदात देतात. पाण्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा सोलून घेतात. कारण साधं आहे: सांबरं प्लास्टिक खातात आणि मरतात.

आपल्याकडच्या माणसाला यावर जगातला सर्वात सोपा उपाय माहीत आहे, स्टीलचा डबा. आमच्या पुढच्या गटाने चिवड्याची पाकिटं फोडून कागदात ओतण्यात दहा मिनिटं घालवली. आम्ही दोन डबे आणि स्टीलची बाटली दाखवली. कर्मचाऱ्याने डबा उघडला, हसला, झाकण लावून परत दिला. हॉटेलवाले पहाटेसाठी न्याहारी बांधून देतात, ती कागदात बांधायला आदल्या रात्रीच सांगा. शाकाहारी असाल तर ‘एलवलू रोटी’ मागा. भाजी भरलेली, त्रिकोणी घडीची रोटी असते आणि गारही बरी लागते. बेकरीतल्या तशाच दिसणाऱ्या बहुतेक पदार्थांत मासा असतो, तेव्हा विचारून घ्या.

स्वच्छतागृह इथेच वापरून घ्या, पुढे पायवाटेवर सोय नाही. छोटं माहिती-दालनही इथेच आहे, पण ते परतीला पाहा.

वाहनतळावर सांबरं अगदी जवळ येतात. पहिल्यांदा पाहताना हरखून जायला होतं. मग लक्षात येतं की हा प्राणी माणसाच्या हाताकडे पाहतोय. पर्यटकांनी भरवून भरवून लावलेली सवय आहे ती. काही देऊ नका. जंगली सांबर पाहायचं असेल तर गेटपासून फार इनपर्यंत येताना गाडी हळू चालवायला सांगा. पहाटेच्या गवतात कळप उभे असतात, तोंडातून वाफा निघत असतात, आणि गाडी थांबली की सगळ्यांचे कान एकदम वळतात.

जाताना: डावीकडे, न थांबता

पायवाट म्हणजे सुमारे साडेनऊ किलोमीटरचा फेरा. सुरुवातीला सपाट माळ, मग ओढा ओलांडला की फाटा येतो: उजवीकडे बेकर्स फॉल्स, डावीकडे वर्ल्ड्स एंड. डावीकडे वळा. धबधबा कुठे जात नाही, दरी जाते.

माळ संपला की वाट जंगलात शिरते. पाण्याने खणलेली लाल मातीची घळ, आडवी मुळं, खाली गारगोट्यांचा खच. चढ फार नाही, पण पाऊल पाहून टाकावं लागतं. चांगल्या पकडीचे बूट हवेत. चपला-सँडल घालून आलेले इथेच घसरतात. या उंचीवर हवा थोडी विरळ असल्याने चढावर धाप लवकर लागते. दमलात तर थांबा, पण फोटोसाठी थांबू नका.

साधारण अर्ध्या वाटेवर छोटा वर्ल्ड्स एंड लागतो. सोबत वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं असतील आणि दम संपत आला असेल, तर इथूनच मागे फिरण्यात कमीपणा नाही. दरी इथेही खोलच आहे आणि गर्दी निम्मी.

मग मोठा कडा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्याला पाय थरथरण्याची ही जात ओळखीची वाटेल, फक्त इथे खाली कोकणाऐवजी चहाचे मळे, मुंगीएवढ्या कामगारवस्त्या आणि पुढे पसरत गेलेला दक्षिणेकडचा सपाट प्रदेश. उडवलवेचा जलाशय चकाकताना दिसतो. हवा अगदी निवळ असेल तर क्षितिजावर समुद्राची रेघही दिसते. आम्हाला ती दिसली की दिसल्यासारखी वाटली, यावर घरात अजून एकमत नाही.

कड्याच्या टोकावर मस्ती नको. २०१५ मध्ये फोटो काढताना मागे सरकत गेलेला एक डच पर्यटक इथून खाली पडला. खालच्या झाडात अडकला म्हणून वाचला आणि लष्कराच्या जवानांनी त्याला वर काढलं. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

डबा इथे उघडा. पाहता पाहता खालून पहिली पांढरी बोटं कड्यावर येतात, आणि वीस मिनिटांत दरी पुसली जाते.

येताना: आता घाई नको

इथून पुढे मनातलं घड्याळ काढून खिशात टाका. निम्म्याहून जास्त वाट अजून शिल्लक आहे आणि या उद्यानाचं वेगळेपण आता सुरू होतं. इथे हत्ती नाहीत; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते या पठारावरून संपले. बिबट्या आहे, पण दिसणं नशिबाचं. जे फक्त श्रीलंकेत, आणि त्यातही फक्त या थंड उंचीवर सापडतं, ते बोटभर असतं.

त्यातला पहिला शिंगवाला सरडा. तो शोधायची पद्धत अशी. जंगलात वाट वाकडी झाली की थांबा. शेवाळाने मढलेलं जाड खोड निवडा. गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत खोडाची कड नजरेने चाचपत जा. समोरून नाही, बाजूने, म्हणजे खोडाची रेषा कुठे मोडते ते कळतं. आम्हाला दहाव्या-बाराव्या झाडावर सापडला. आधी नुसती एक पांढरट काडी दिसली, नाकाच्या शेंड्यावरून पुढे आलेली. मग काडीमागे डोळा हलला. बाकीचं अंग शेवाळाच्या रंगाचं. हा प्राणी पळत नाही. एक पाय उचलतो, तो तसाच धरून विचार करतो, मग ठेवतो. नरांचं शिंग मोठं, मादीचं लहान. हात लावू नका, फ्लॅश मारू नका. त्याच जंगलात शेपटीने फांदी धरून बसणारा एक बुटका सरडाही आहे. तो अंडी न घालता पिल्लंच देतो. थंडीत अंडी उबवण्यापेक्षा पोटात सांभाळणं शहाणपणाचं असावं.

माळावर ऊन पडलं की पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांवर हिरवागार, गालावर काळा पट्टा असलेला तिसरा सरडा शेकत बसलेला दिसतो. हा सोपा आहे, मुलांना शोधायला सांगा. ते झुडूप म्हणजे गॉर्स. मूळचं युरोपातलं आणि इथे उपद्रवी ठरलेलं. सरड्याला त्याचं काही नाही.

लाल फुलांची ठेंगणी, वेडीवाकडी झाडं दिसतील ती ऱ्होडोडेंड्रॉनची. जंगलात खाली जांभळट फुलांची ‘नेलू’ असते, आपल्या कारवीचीच सख्खी. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, तर इथली नेलू बाराएक वर्षांनी. फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी दाढ्या म्हणजे दगडफुलाची भावंडं.

झाडांत घोगरा हुंकार आला तर वर पाहा. जांभळट तोंडाच्या वानराची ही डोंगरी जात, थंडीमुळे इतकी केसाळ की लोक तिला ‘अस्वल-माकड’ म्हणतात. पक्ष्यांत पिवळ्या कानाचा बुलबुल, निळसर माशीमार आणि श्रीलंकेचा चष्मेवाला सहज दिसतात. शीळ कस्तूराचा इथला भाऊबंद मात्र लाजरा आहे. त्याच्यासाठी पट्टिपोला गेट आणि फार इनच्या मधल्या ‘अरेंगा पूल’ या डबक्यापाशी अगदी झुंजूमुंजू असताना थांबावं लागतं. म्हणजे कडा किंवा कस्तूर, यातलं एकच. पक्षीवेडे असाल तर दोन दिवस ठेवा.

आणि लोरिस, म्हणजे माकडांच्या दूरच्या नात्यातला तो मोठ्या डोळ्यांचा छोटा प्राणी? हॉर्टन प्लेन्सचा सडपातळ लोरिस १९३७ पासून इतका क्वचित दिसला की तो संपला असंच धरलं गेलं होतं. त्याचे फोटो जगासमोर आले ते २०१० मध्ये. तो निशाचर आहे आणि अंधार पडायच्या आत पर्यटकांना उद्यान सोडावं लागतं. तेव्हा ‘लोरिस दाखवतो’ म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा.

बेकर्स फॉल्स

कड्यापासून माळ-जंगल करत वाट बेलिहुल ओया या नदीच्या खोऱ्यात उतरते. पाण्याचा आवाज आधी येतो, मग उतार तीव्र होतो, मुळांच्या ओल्या पायऱ्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी अख्ख्या फेऱ्यातला हाच अवघड तुकडा. काठी असेल तर इथे काढा, आणि घाईने वर येणाऱ्याला आधी वाट द्या.

धबधबा सुमारे २० मीटरचा. उंचीच्या हिशेबात सह्याद्रीत याला कोणी विचारणार नाही. पण काळ्या खडकावर रुंद पसरून टप्प्याटप्प्याने उतरणारं पाणी आणि दोन्ही अंगांना छत्रीसारखे उभे वृक्षनेचे, असं दृश्य आपल्याकडे नाही. नाव सॅम्युअल बेकरवरून पडलं. नाईल नदीच्या शोधासाठी प्रसिद्ध झालेला हा गृहस्थ त्याआधी नुवारा एलियात राहून या पठारावर कुत्र्यांच्या मदतीने सांबरांची शिकार करायचा.

पाण्यात उतरायला मनाई आहे आणि ती पाळा. पाणी बर्फासारखं आहे, खडक निसरडा आहे, आणि या ओढ्यांत अगदी थोड्या टापूपुरतीच उरलेली एक कोळंबी राहते, जिला १५ अंशांपेक्षा थंड पाणी लागतं. ब्रिटिशांनी मासेमारीच्या हौसेपायी सोडलेले ट्राउट मासे तिच्या डोक्यावर आहेतच, त्यात आपल्या साबणाची भर नको.

वर चढून आलं की उरलेली वाट सोपी, ओढ्याच्या काठाकाठाने. साडेअकरा-बारापर्यंत फार इनला पोहोचता. गारव्यामुळे ऊन जाणवत नाही, पण मान आणि कान भाजून निघतात. टोपी आणि सनस्क्रीन सकाळीच लावलं असेल तर ठीक. अंगावर दोन-तीन पातळ थर घाला, एक जाड स्वेटर नको, कारण नऊनंतर तो हातातच वागवावा लागतो. पावसाळी जाकीट मात्र कुठल्याही महिन्यात हवं.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर

पट्टिपोलाच्या वाटेवर २३५७ मीटरचं तोटुपोला कंद हे शिखर आहे. चढ छोटा, गर्दी नाही. २३८८ मीटरचं किरिगलपोत्त दिवसभराचं काम आहे, ते फेऱ्याच्या दिवशी नको. दक्षिणेकडे उतरणार असाल तर हपुतले-बेलिहुल ओया रस्त्यावर कलुपहनाजवळ बंबरकंद धबधबा पाहा. २६३ मीटर, देशातला सर्वात उंच. कड्यावरून जो प्रदेश पाहिला, त्याच्या पायथ्याशी आता तुम्ही उभे असता.

बूट संध्याकाळपर्यंत लाल चिखलाने भरलेले असतील आणि नुवारा एलियाच्या हवेत ते सहजासहजी वाळत नाहीत. सकाळच्या रोट्या ज्या कागदात बांधल्या होत्या, तो टाकू नका. त्याचे बोळे करून रात्री बुटांत कोंबून ठेवा.